अर्कर्ट किल्ला, लॉख नेस: पाण्याच्या वाटेने जावे, परतण्याची घाई करू नये

स्कॉटलंडमधील इन्व्हरनेस शहरापासून नैर्ऋत्येला सुमारे २१ किलोमीटरवर, लॉख नेस सरोवरात शिरलेल्या एका खडकाळ टोकावर, अर्कर्ट किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. ए-८२ महामार्ग किल्ल्याच्या अगदी वरून जात असल्यामुळे बहुतेक पर्यटक मोटारीने किंवा बसने येतात. परंतु सोय असेल त्याने बोटीनेच यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहनतळ उंचावर असल्याने तिथून सगळा किल्ला पायथ्याशी मांडलेल्या नकाशासारखा दिसतो आणि तो इथेच का बांधला असावा, याचा उलगडा होत नाही. बोट जवळ येऊ लागली की मात्र ते टोक आणि त्यावरचा बुरूज दोन्ही अंगावर येतात, आणि जवळजवळ सरळ रेषेत पसरलेल्या या ३७ किलोमीटर लांबीच्या पाण्यावरून इथल्या पहारेकऱ्यांची नजर चुकवून जाणे किती अवघड होते, हे न सांगता समजते. याच खोऱ्यातून अभियंता थॉमस टेल्फर्डने कॅलेडोनियन कालवा काढला आणि तो १८२२ मध्ये खुला झाला. समुद्रापासून समुद्रापर्यंतच्या त्याच्या सुमारे ९७ किलोमीटरांपैकी सुमारे एक तृतीयांश भागच खणावा लागला, कारण उरलेली वाट सरोवरांनी आधीच दिलेली होती.

आजचे दगडी बांधकाम तेराव्या शतकापासूनचे आहे. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या सैन्याने किल्ला घेतला, पुढे तो अनेकदा हातोहात फिरला आणि १५०९ मध्ये ग्रँट घराण्याकडे आला. १५४५ च्या लुटीत मॅकडोनाल्ड आणि कॅमेरॉन या स्कॉटिश कुळांच्या मंडळींनी गुरेढोरे व धान्याबरोबरच तोफा, गाद्या, स्वयंपाकाची भांडी आणि होड्यासुद्धा नेल्या. धान्य आणि तोफा नेल्या हे समजू शकते, पण गाद्यांनाही हात घालणाऱ्यांच्या चिकाटीला दाद द्यावी लागते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो प्रवेशद्वाराला. खंदकावरून आत शिरताना कमानीच्या दोन्ही अंगांना जाड बुरूज लागतात आणि त्यांच्या शेजारी तटाचे प्रचंड तुकडे, दगड आणि चुना एकमेकांना घट्ट धरून राहिलेल्या अवस्थेत, पडले तसेच आडवे आहेत. ही पडझड काळाने केलेली नाही. १६९२ मध्ये शेवटची शिबंदी किल्ला सोडून निघाली तेव्हा तो जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत राजा जेम्सच्या समर्थकांच्या, उपयोगी पडू नये म्हणून तिने स्वतःच सुरुंग लावून प्रवेशद्वार उडवले. त्यातला एखादा तुकडा जवळून पाहिला तर बाहेरून घडीव दगड आणि आत भरलेली ओबडधोबड भर असा भिंतीचा छेदच समोर येतो; कोणत्याही माहितीफलकापेक्षा तो अधिक शिकवतो. उत्तर टोकाच्या ग्रँट टॉवरचा एक भाग १७१५ च्या वादळात कोसळला, तरी त्याचा अरुंद चक्राकार जिना आजही चढता येतो. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना वाट देताना बराच खोळंबा होतो, पण माथ्यावरून दोन्ही दिशांना दिसणारे पाणी त्याची भरपाई करते. सरोवरात उतरणारी पाणदरवाज्याची वाट बहुतेक जण वगळतात. ती वगळू नये.

माहिती केंद्रातील छोटा चित्रपट आवेशपूर्ण आहे, मात्र तो संपताच पडदा बाजूला सरून समोर खराखुरा किल्ला दिसतो ही योजना उत्तम साधली आहे. मैदानात ठेवलेली दगडफेकी यंत्राची पूर्णाकृती प्रतिकृती मुलांना आवडते. या सरोवरात राहतो म्हणतात त्या दंतकथेतल्या राक्षसाबद्दल एवढेच की, पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या) मातीमुळे येथील पाणी इतके काळपट तपकिरी असते की हात-दोन हातांखालचेही नीट दिसत नाही. तेव्हा त्या आशेने आलेल्यांनी किल्लाच पाहावा हे बरे.

तक्रार आहे ती बोटीच्या वेळापत्रकाची. ज्या सहलीने मी गेलो, तिच्यात किल्ल्यासाठी जेमतेम तासभर होता. चित्रपट पाहिला की त्यातला मोठा वाटा संपतो आणि उरलेल्या वेळात बुरूज चढायचा की प्रवेशद्वार नीट पाहायचे, अशी निवड करावी लागते. निवांत पाहायचे तर किमान दोन तास हवेत. यावर उपाय असा की बोटीचे तिकीट एकाच बाजूचे मिळत असल्यास तेच घ्यावे आणि परतताना महामार्गावरून इन्व्हरनेसकडे जाणारी बस पकडावी. तिच्या वेळा मात्र आधीच पाहून ठेवाव्यात. उन्हाळ्यात मोटारीने येणाऱ्यांनी प्रवेशाची वेळ अगोदर ठरवून घ्यावी, कारण वाहनतळ लहान आहे. केंद्रापासून अवशेषांपर्यंतचा उतार परतताना चढ होतो आणि आत उंचसखल पायऱ्या आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी बुरुजाचा आग्रह धरू नये. केंद्राच्या गच्चीवरून सगळा किल्ला आणि त्यामागचे सरोवर बसल्या जागी दिसते. वाऱ्यापासून आडोसा मात्र तिथेही फारसा नाही, म्हणून जुलै असला तरी जाड जाकीट बरोबर असू द्यावे.