चाटण वीट की खनिज मिश्रण?

आमच्या खिलार खोंडाने गोठ्याची भिंत चाटायला सुरुवात केली, मग दावं चघळायला लागला. अंगावरचे केसही राठ झाले. ही बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेची खूण.

ती भरून काढायला चाटण वीट, म्हणजे जनावराने चाटायची मीठ-खनिजांची वीट, सोयीची. गव्हाणीवर टांगली की काम झालं. पण तिच्यात मुख्यतः मीठ असतं, आणि कोण किती चाटतं याचा हिशेब नाही. दांडगं जनावर तिथेच ठाण मांडतं, बुजरं कोपऱ्यात उभं.

खनिज मिश्रणाची पावडर रोज आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) कालवावी लागते: मोठ्याला साधारण 50 ग्रॅम, वासराला 20-25. कटकट आहे खरी, पण प्रत्येकाच्या पोटात नेमकं जातं. उसाचं वाढं (हिरवे शेंडे) घालणाऱ्यांनी तर हीच धरावी. वाढ्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, ते अंगी लागत नाही; वरून गव्हाचा कोंडा फॉस्फरसच जास्त देतो. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट हवं, इथे गणित उलटं होतं आणि वाढत्या खोंडाची हाडं कच्ची राहतात.

वीट मी काढलेली नाही, उन्हाळ्यात मिठासाठी राहू दिली आहे. पावडर मात्र रोज, मोजून. भिंतीचा नाद दोनेक महिन्यांत सुटला. दाव्याचा अजून नाही.