घरगुती इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घरी शिकण्यासाठी म्हणून २०० ॲम्पिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर आर्क मशीन घेतलं. त्याआधी हातात कधी होल्डर (वेल्डिंगचा रॉड पकडायची मूठ) धरला नव्हता. आता उन्हाळा लागलाय आणि मधल्या काळात या यंत्रावर कुंड्यांचे स्टँड, चपलांचा रॅक, कामाच्या टेबलाची फ्रेम आणि मागच्या दाराची जाळीची झडप एवढं झालंय. घेण्याआधी मी जे शोधत होतो आणि नीट सापडत नव्हतं, ते इथे लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतली बरीच यंत्रं आतून जवळपास सारखीच असतात, त्यामुळे अनुभव या प्रकाराच्या यंत्राचा म्हणून वाचा.

आधी निकाल सांगतो : पैसे वसूल आहेत. पण डब्यावरच्या २०० या आकड्याला घरच्या कामात काही अर्थ नाही. माझं जवळजवळ सगळं काम ६० ते १०० ॲम्पिअरमध्ये होतं. यंत्र निवडताना बघायचं ते हे की खालच्या करंटला, म्हणजे ६०-६५ वर, आर्क (रॉड आणि लोखंड यांमधली विजेची सलग ठिणगी) न विझता चालतो का. पातळ पाइप जोडताना तिथेच कस लागतो.

जुनी ट्रान्सफॉर्मरची मशीन आठवत असतील तर हे हातात घेऊन आश्चर्य वाटेल. वजन पाच किलोच्या आत, पट्टा खांद्याला अडकवून गच्चीवर नेता येतं. आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट घरातली एसी (उलटसुलट वाहणारी) वीज आधी डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करतं, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतं. वारंवारता वाढली की ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, म्हणून वजन घटलं. शिवाय आर्क डीसी मिळतो आणि तो नवशिक्याला एसीपेक्षा सांभाळायला सोपा जातो.

विजेचं बोलतो, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. ८० ॲम्पिअरला आर्कवर साधारण २३ व्होल्ट असतात, म्हणजे १८४० वॉट. यंत्रातली घट आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) धरला की भिंतीतून १४ ॲम्पिअरच्या आसपास ओढ बसते. गिझर-एसीचा १६ ॲम्पिअरचा सॉकेट यासाठी पुरतो. मोबाइल चार्जर लावतो त्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटला हे लावू नका. मी वायरमनकडून मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढून घेतली, सी टाइपचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) टाकला आणि अर्थिंग तपासून घेतलं. एक्स्टेन्शन लागलंच तर जाड वायरचं, आखूड आणि पूर्ण उलगडलेलं वापरा, कारण गुंडाळी करून ठेवलेली वायर तापते. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा आर्क मरगळतो. त्या वेळी मी मापं काढणं आणि कापणं उरकून घेतो.

रॉड, म्हणजे वितळून जोडात भरणारी कोटिंगवाली कांडी, ई ६०१३, जाडी २.५ मिलिमीटर. शिकणाऱ्याने दुसरं काही घेऊ नये. नावातल्या ६० चा अर्थ जोडाची ताणशक्ती दर चौरस इंचाला ६० हजार पौंड, पुढच्या १ चा अर्थ आडव्या-उभ्या कुठल्याही स्थितीत चालतो, आणि ३ वरून कोटिंगचा प्रकार कळतो. दुकानदार "ताकदवान हवा तर ७०१८ घ्या" म्हणतो, पण तो रॉड ओल अजिबात सहन करत नाही आणि ओव्हनमध्ये तीनशे अंशांच्या वर भाजून घ्यावा लागतो. घरी ते जमणारं नाही. ६०१३ तितका नाजूक नसला तरी कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातले रॉड दमट होतातच. मग ठिणग्या वाढतात, कोटिंग एका बाजूने झडतं आणि आर्क भरकटतो. मी पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. जुलै-ऑगस्टमध्येही रॉड कोरडे राहिले.

आता प्रत्यक्ष शिकण्याबद्दल. सुरुवात पातळ चौकोनी पाइपवर करू नये. भंगारवाल्याकडून ५-६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचे तुकडे आणा आणि त्यावर नुसत्या रेषा मारत राहा. जाड लोखंड चूक पोटात घेतं. उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करणारे एक मिस्त्री ओळखीचे आहेत. माझे पहिले तुकडे त्यांनी हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाले, "गंजावर रॉड धरत न्हाई बघ. आधी घास, चकचकीत कर, मग मार. आणि अर्थिंगचा चिमटा रंगावर लावू नको." (हा चिमटा म्हणजे यंत्राची दुसरी केबल लोखंडाला जोडणारा, घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही.) या दोन सल्ल्यांनी माझा अर्धा त्रास संपला. जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर लोखंड पांढरं होईपर्यंत ग्राइंडरने घासलं की तोच रॉड त्याच करंटला वेगळा वागतो.

काळ्या काचेतून नजर कुठे ठेवायची, हे मला कुठेच नीट वाचायला मिळालं नाही. नवखा माणूस आर्कच्या लखलखाटाकडे बघत राहतो. बघायचं असतं ते त्याच्या लगेच मागे, वितळलेल्या लोखंडाकडे. तिथे दोन गोष्टी दिसतात. एक स्वच्छ, चकाकणारा, काठ गोल असलेला भाग, ते लोखंड. दुसरा त्यावर सरकणारा जरा मंद, नारिंगी, सायीसारखा थर, तो स्लॅग, म्हणजे कोटिंग वितळून झालेला मळ. या दोन्हींमधली कड सतत रॉडच्या मागे राहिली पाहिजे. ती पुढे धावू लागली की स्लॅग जोडात अडकतो, आणि वरून छान दिसणारा जोड हातोडीच्या एका ठोक्यात उघडा पडतो. उपाय म्हणजे रॉड चालीच्या दिशेला थोडा कलता धरून मागे ओढत न्यायचा, आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढीच, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, आणि गरज पडली तर पाच-दहा ॲम्पिअर वाढवायचे. लांबी जमली की आवाज एकसारखा, भरीव येतो. जोड गार होत आला की स्लॅगची खपली कधीकधी आपणहून टकटक करत सुटते. ती अखंड सुटलेली पाहण्यात जो आनंद आहे तो मला या वयात दुसऱ्या कशात मिळाला नव्हता.

१६ गेजचा पाइप, म्हणजे १.६ मिलिमीटरची भिंत, हा पुढचा टप्पा. इथे लांब रेघ ओढायला गेलं की भोक पडतं. करंट ५५-६० वर आणायचा, रॉड शक्यतो मायनसला लावायचा, आणि छोटे छोटे टाके मारत, मधे लाली ओसरू देत पुढे जायचं. दोन पाइपमध्ये फट असेल तर ती रॉडने बुजवण्याचा नाद सोडा. कापणीच नीट करा. जोड गार होताना लोखंड आक्रसतं आणि फ्रेम त्या बाजूला खेचली जाते, म्हणून चारही कोपऱ्यांना आधी टाके, मग गुण्या लावून तपासणी, मग दोन्ही कर्णांची मापं जुळवायची आणि त्यानंतरच पक्कं वेल्डिंग, तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून.

यंत्राचे दोष. सोबत आलेला होल्डर आणि अर्थिंगचा चिमटा कामाचे नाहीत. चिमट्याची स्प्रिंग कमकुवत होती, पकड सैल, आणि काही रॉड जाळले की दोन्ही हाताला चटका बसेल इतके तापायचे. केबलही आखूड. दुकानदाराकडे तक्रार केली तर "सगळ्यांचे असेच येतात" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी जाड तांब्याची केबल, पितळी चिमटा आणि बरा होल्डर वेगळा घेतला. हा खर्च किमतीत धरूनच चला. डायलवरचे आकडे अंदाजेच आहेत, त्यामुळे आपल्या यंत्राचा ७० म्हणजे किती ते तुकड्यावर मारून ठरवावं लागतं. रॉड चिकटला की करंट आपोआप पाडणारी सोय मात्र खरोखर चालते आणि सुरुवातीला तिचा फार उपयोग होतो. पाटीवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिलंय, म्हणजे पाटीवर दिलेल्या करंटला १० मिनिटांत ६ मिनिटं सलग काम. अडीचचा रॉड साधारण मिनिटभरात संपतो, मग ठोका, घासा, बघा, त्यामुळे ती मर्यादा आड येत नाही. ३.१५ चे रॉड १२० वर एकामागून एक जाळले तेव्हा, भर उन्हाच्या दुपारी, पिवळा दिवा लागून यंत्र थांबलं आणि पंख्याने गार झाल्यावर पुन्हा सुरू झालं. एक काळजी घ्या : ग्राइंडर यंत्राजवळ चालवू नका. पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो आणि ती सर्किटवर बसली की यंत्राचं आयुष्य संपलं. मी महिन्यातून एकदा प्लग काढून, थोडा वेळ थांबून ब्लोअरने आतली धूळ उडवतो.

यंत्राला साडेसात हजार पडले. हेल्मेट, हातमोजे, केबल, ग्राइंडर, हातोडी-ब्रश धरून जवळपास तेवढेच आणखी. पैकी हेल्मेटवर हात आखडू नका. मी आपोआप काळं होणारं, ९ ते १३ शेडचं (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा आकडा) घेतलं, माझ्या करंटला १० किंवा ११ पुरते. त्यातला अतिनील किरण अडवणारा थर कायमचा असतो, काच काळी होवो न होवो. रस्त्याकडेच्या दुकानात काळा गॉगल लावून काम करणारे दिसतात, त्यांचं अनुकरण करू नका. आर्कचा मारा लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या आणि गुलाबपाणी यांत वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरात मुलं असतील तर आडोसा आधी उभा करा, वेल्डिंग नंतर. कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे, गळ्याचं बटण लावलेलं. नायलॉन-टेरिकॉट ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. पाय कातडी बुटात.

जीआय पाइप स्वस्तात मिळाला तरी जपून. त्यावरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास लागतात, म्हणजे जोड होण्याच्या कितीतरी आधी जस्ताचा पांढरा धूर नाकात जातो. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो तो यामुळे. नवशिक्याने काळा, म्हणजे जस्त नसलेला, पाइपच घ्यावा. बंद डबे, पेट्रोल-डिझेलची टाकी, रिकामी वाटली तरी, कधीही नाही. ओल्या फरशीवर, घामाने भिजलेल्या मोज्यांनी काम नको. आर्क नसताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात आणि ओल्या अंगाला तेवढे पुष्कळ झाले. काम संपल्यावर अर्धा तास मी तिथेच झाडलोट करत थांबतो. भुश्शात, चिंध्यांत शिरलेली ठिणगी उशिरा पेटते.

आणि काय करू नये तेही स्पष्ट लिहितो. पाण्याच्या टाकीचा स्टँड, झोपाळ्याची कडी, गॅलरीचं रेलिंग, गाडीचा कुठलाही भाग मी अजून केलेला नाही आणि करणार नाही. ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन. आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड वर्षभराचा असतो, तो उगाच नव्हे. उभ्या जोडात माझं लोखंड अजून ओघळतं, म्हणून शक्य तिथे वस्तूच फिरवून जोड आडवा करून घेतो.

पत्र्याचं, १ मिलिमीटरच्या आतलं काम करायचं असेल तर हे यंत्र घेऊ नका, वायरचं (मिग) मशीन बघा. बाकी अँगल, पट्टी, १६ गेज आणि त्याहून जाड पाइप यासाठी हेच पुरे. घ्यायला जाल तेव्हा स्वतःचे दोन तुकडे आणि अडीचचे चार रॉड बरोबर न्या, दुकानातच ६० वर लावून मारून दाखवायला सांगा. आर्क दोनदा विझला तर दुसरं यंत्र मागा, आणि बिलावर वॉरंटीचा शिक्का मारून घ्या. दुरुस्ती आपल्याच गावात होते का, हेही तिथेच विचारा.