एस्टोनियन क्रियापदं: तक्ता घोकावा की वाक्यांची कार्डं करावीत?

एस्टोनियनच्या चौदा विभक्तींची धास्ती सगळ्यांनाच असते, पण बोलायला लागल्यावर गाडी अडते ती क्रियापदावर. त्याच्या सरावाच्या दोन रीती आहेत.

तक्ते फुकट मिळतात. एस्टोनियन भाषा संस्थेच्या 'सोनावेब' या पोर्टलवर क्रियापद टाकलं की त्याची रूपं समोर हजर. ती वहीत उतरवली की प्रत्यय लवकर बसतात. 'वाचणे' घ्या: लोएन, लोएद, लोएब, लोएमे, लोएते, लोएवाद. लिंगभेद नाही. भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही ('उद्या येतो' म्हणणाऱ्यांना ते जड जाऊ नये). वर्तमानातल्या नकाराला सगळ्या पुरुषांत एकच 'एइ लोए'.

गोची प्रत्ययात नाही, मुळात आहे. कोशात शब्द 'लुगेमा' असा असतो. त्यातला 'ग' वर्तमानकाळात गायब होतो आणि भूतकाळी 'लुगेसिन'मध्ये परत येतो. 'करणे' तर तेगेमा, तेहा, तेन, तेगी, तेहतुद असं रूपं पालटत जातं. तक्त्यात वरची ओळ बघून खालची सुचते. टाल्लिनच्या दुकानात काउंटरपाशी वरची ओळ कोण दाखवणार?

शिवाय 'लुगेमा' आणि 'लुगेदा' या दोन रूपांपैकी कुठलं कधी, हे तक्ता शिकवत नाही. 'वाचायचंय'साठी 'ताहान लुगेदा', पण 'वाचू लागतो'साठी 'हक्कान लुगेमा'. मराठीत आपण 'वाचायला शकतो' म्हणत नाही, ते काही नियम पाठ केला म्हणून नव्हे. म्हणून 'मा ताहान ___' ('मा' म्हणजे मी) अशी गाळलेल्या जागेची कार्डं 'अंकी' या फ्लॅशकार्डांच्या ॲपमध्ये करावीत. अंकी अँड्रॉइडवर आणि संगणकावर मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. कार्डं बनवण्यात वेळ जातो, हे खरं. वाक्यं मात्र मनाने रचू नका, सोनावेबवरची उदाहरणं उचला. चुकीचं वाक्य घोकण्यापेक्षा न घोकलेलं बरं.

नुसत्या पाट्या आणि ईमेल वाचायच्या असतील तर तक्ता पुरे, कारण तिथे रूप फक्त ओळखायचं असतं. एस्टोनियाच्या नागरिकत्वासाठी बी१, म्हणजे मध्यम पातळीची, भाषापरीक्षा द्यायची असेल तर कार्डंच. तिथे बोलावं आणि लिहावंही लागतं. अगदीच नवखे असाल तर आधी 'केलेक्लिक' हा मोफत अभ्यासक्रम करा. तो इंग्रजी आणि रशियन माध्यमातून आहे.

पहिली कार्डं ओलेमा (असणे), तुलेमा (येणे), तेगेमा (करणे) आणि मिनेमा (जाणे) यांची करा. 'मिनेमा'चं वर्तमान 'लॅहेन' आणि भूत 'लॅक्सिन' होतं; ते कुठल्याही नियमाने सुचणार नाही.