पावती क्रमांक ४१

रायगडावर जाऊन फसलो हे सांगायचीसुद्धा लाज वाटते, म्हणून तीन आठवडे गप्प होते. पण परवा आमच्या शेजारच्या महिला मंडळाची तशीच सहल ठरतेय असं कळलं आणि लिहायला बसले.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. पोस्टाच्या खिडकीत ३२ वर्षं काढली. फॉर्मवर सही नसेल तर सख्ख्या भावालाही रांगेत परत पाठवणारी बाई, अशी माझी ख्याती. त्याच बाईने अठरा माणसांचे ३६,९०० रुपये कधी न पाहिलेल्या माणसाला मोबाइलवरून पाठवले, आणि पाठवल्यावर हात जोडून ‘जय शिवराय’ असंही लिहिलं.

झालं असं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक जाहिरात पुढे ढकलली. ‘राजधानी रायगड : एक दिवसाची पायी सहल, ज्येष्ठ इतिहास अभ्यासकांसोबत’. त्यात फेटा बांधलेले, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ, मागे मेघडंबरी. माणशी १,८५० रुपये. त्यात ठाण्याहून एसी गाडी, नाश्ता, पाचाडला घरगुती जेवण, रोपवे येऊन-जाऊन, प्रवेश तिकीट आणि अभ्यासकांचं मार्गदर्शन. माझी नात यंदा चौथीत आहे. आपल्याकडे चौथीचा इतिहास म्हणजे महाराजच, त्यामुळे ती वर्षभर घरात गड लढवतेय. म्हटलं, हिला दाखवू. तळमजल्यावरचे काका, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई, असं करत अठरा जण झाले. पैसे गोळा करायचं काम अर्थातच पोस्टवाल्या बाईकडे आलं.

फोनवरचा माणूस इतका गोड! प्रत्येक निरोपाची सुरुवात ‘जय शिवराय ताई’. आधी अर्धे पैसे मागितले, चार दिवसांनी उरलेले. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव आलं कुठल्याशा मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. मी विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, ट्रस्टचं खातं अपडेट होतंय, हे आपल्याच मावळ्याचं दुकान आहे.’ मावळा म्हटल्यावर माझं तोंड बंद. निघायच्या आदल्या रात्री शेवटचा निरोप आला : गडसंवर्धन निधी, माणशी २०० रुपये, ऐच्छिक, पण ‘राजांच्या गडासाठी कुणी नाही म्हणत नाही’. दिले. अठरा पावत्या आल्या, भगव्या कडेच्या, राजमुद्रा छापलेल्या. नातीने हौसेने सगळ्यांच्या प्रिंट काढल्या.

या सगळ्यात दोनदा तरी मनात पाल चुकचुकली होती. पण दुसऱ्या कुठल्या सहलीला मी जे दहा प्रश्न विचारले असते, ते इथे विचारले नाहीत. महाराजांच्या नावावर पैसे मागितले की हिशेब विचारणं हलकटपणाचं वाटतं. त्या माणसाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पहाटे पाचला तीन हात नाक्यावर जमायचं होतं. गाडी आली सहा दहाला. दाढीवाले अभ्यासक नव्हतेच. ‘सरांना ताप आहे’ म्हणत तिशीतला एक मुलगा चढला, गळ्यात लॅमिनेशन केलेलं ओळखपत्र, त्यावर ‘मान्यताप्राप्त गाइड’. कुणाची मान्यता, ते त्यावर नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. नाश्ता म्हणजे वडखळच्या पुढे एक वडापाव आणि अर्धा कप चहा. चला, सहलीत असं होतंच.

माणगाव गेलं आणि मुलाने माइक घेतला. ‘१६८० साली महाराजांचा राज्याभिषेक झाला तो हा गड.’ नात पुढच्या सीटवरून उभीच राहिली. ‘१६८० ला महाराज गेले. राज्याभिषेक ६ जून १६७४.’ गाडीत हशा पिकला. तो म्हणाला, ‘हुशार आहे हां बेबी.’ मग माइक बंद पडला तो पडलाच.

रोपवेचं स्टेशन हिरकणीवाडीला आहे. आमची गाडी तिथवर नेलीच नाही. चित्त दरवाजापाशी थांबवली आणि मुलगा कानाला फोन लावून खाली उतरला. परत आला तो चेहरा पाडून. ‘वर वारा सुटलाय. रोपवे बंद. पायऱ्यांनी जावं लागेल, खरा मावळा पायऱ्यांनीच जातो.’ वाऱ्यामुळे रोपवे थांबवतात हे खरं आहे, म्हणूनच कुणाला शंका आली नाही. वहिनींच्या सासूबाई आणि काकांच्या सौ. गाडीतच बसल्या. त्या दोघींनी त्या दिवशी रायगड पाहिला तो खिडकीतून. बाकीचे आम्ही चढलो. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास. माझं वय ६३. महादरवाजाचे ते दोन अजस्र बुरूज दिसले तेव्हा मला रडू आलं, आणि ते इतिहासामुळे की गुडघ्यांमुळे हे मी आजही सांगू शकत नाही.

वर गंगासागर तलावापाशी टेकलो. मुलगा म्हणाला, ‘तुम्ही दम खा, मी जेवणाचं बघून येतो.’ गेला तो गेलाच.

तेवढ्यात मेणा दरवाजाच्या बाजूने एक बाई आल्या, माझ्याहून मोठ्या. इस्त्रीची साडी, केसात गजरा, घामाचा टिपूस नाही. मी विचारलं, ‘वारा थांबला वाटतं?’

‘कसला वारा?’

‘रोपवे सुरू झाला ना?’

‘अहो, आम्ही नऊ वाजता तिकीट काढलं. सकाळपासून चालूच आहे की.’

गजऱ्याचा वास मला आजही आठवतो.

मुलाचा फोन बंद. त्या गोड माणसाचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. पंधरा माणसं माझ्याकडे बघतायत, म्हणजे रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा स्तंभांच्या सावलीतून एक स्थानिक गाइडदादा उठून आले. पन्नाशीचे असतील. ‘तुम्ही ठाण्याचे का? सकाळी एकाचा फोन होता, अठरा माणसं फिरवा, पाचशे देतो म्हणून. आला नाही अजून.’ म्हणजे अभ्यासकांचं मार्गदर्शन हे असं पाचशे रुपयांत उरकायचं ठरलेलं होतं, तेही उधारीवर.

त्यांना म्हटलं, दादा, आम्ही आठशे देतो, तुम्ही दाखवा. आणि त्या दिवसातला जो काही खरा रायगड आमच्या वाट्याला आला तो इथून पुढचा दीड-दोन तास. जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये घेतलेली ही रायरी राजधानी कशी झाली, इथपासून त्यांनी सुरुवात केली. बाजारपेठेच्या उंच जोत्यांपाशी आल्यावर काकांनी ऐकीव माहिती पुढे केली, ‘घोड्यावर बसूनच खरेदी करायचे ना?’ दादा हसले. ‘असं सांगतात खरं. घोड्यावर बसून कोण मीठमिरची घेतं, ते तुम्हीच बघा. मला पटत नाही.’ ऐकीव काय आणि लेखी काय, हे ते प्रत्येक ठिकाणी वेगळं करून सांगत होते. कुशावर्त तलावाकडे बोट दाखवलं, समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या ते सांगितलं, जगदीश्वराच्या पायरीवरची ‘सेवेचे ठायी तत्पर’ ही गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची अक्षरं नातीला बोटाने गिरवायला लावली. महाराजांच्या समाधीपाशी ते काहीच बोलले नाहीत. तिथे आम्हीही बोललो नाही.

पण राजसभेची गोष्ट सांगायलाच हवी. सिंहासनाच्या जागेपाशी हळू बोललेलं दोनशे फुटांवर नगारखान्यात ऐकू येतं, ते ऐकवायला त्यांनी बाकीच्यांना तिकडे पाठवलं. मी सिंहासनाच्या बाजूला त्यांच्याजवळ थांबले. ‘ताई, एखादा कागद असेल तर द्या, फाडतो.’ पर्समध्ये हाताला लागली ती निधीची पावती. त्यांनी ती फाडायला धरली, थबकले, वाचली आणि माझ्या हातात परत दिली. ‘ही नका फाडू. ही तुम्हाला लागेल.’ मग खिशातला वर्तमानपत्राचा तुकडा काढून टर्रकन फाडला आणि नगारखान्यातून नातीने ‘आलं, आलं!’ म्हणून हात हलवले.

तिथेच उभं राहून मी सगळ्यांच्या पावत्या मागवल्या. अठराच्या अठरा पावत्यांवर क्रमांक ४१. ३२ वर्षं पावत्या फाडलेल्या बाईने आदल्या रात्री राजमुद्रा पाहिली, क्रमांक पाहिला नव्हता.

गुडघेवाले सात जण स्वतःच्या पैशाने रोपवेने उतरलो. चार-पाच मिनिटांत खाली. तिथल्या खिडकीवर आमच्या सहलीच्या नावाने काही नोंदणी आहे का विचारलं, नव्हती. त्याने आमच्यासाठी खरोखर काढलं होतं ते फक्त पुरातत्त्व खात्याचं प्रवेश तिकीट, माणशी २५ रुपये, तेही पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

पाचाडला जेवणवाल्या मावशी दारातच उभ्या. अठरा जणांचा स्वयंपाक करून ठेवलेला, पण पैसा एक आलेला नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, वरणभात. माणशी १६० प्रमाणे २,८८० रुपये आम्ही दिले. द्यायलाच हवे होते, त्यांची काय चूक? जेवून गाडीत बसलो तर ड्रायव्हर चावी काढून खाली उभा. १४,००० ला ठरलेली गाडी, हातात पडले ५,०००. ‘बाकीचे मिळाल्याशिवाय मालक गाडी हलवू देत नाही.’ आम्ही ओरडलो, तोही ओरडला, मग मालकाला फोन लागला, तोही ओरडला. शेवटी काकांनी आणि मी मिळून ९,००० टाकले. ज्या जिजाऊ राज्याभिषेकाचा सोहळा पाहून १७ जून १६७४ ला याच पाचाडला निवर्तल्या, त्यांच्या समाधीचं दर्शन जाहिरातीत होतं. तिच्या जवळून आमची गाडी अंधारात निघून गेली आणि आतमध्ये कुणी किती द्यायचे यावर वाद चाललेला.

घरी येऊन मी कागदावर आकडे मांडले. गाडी, जेवण, रोपवे, तिकीट, वरचा गाइड, सगळं इमानाने दिलं असतं तरी १,८५० मध्ये त्या माणसाच्या हाती चांगले पैसे उरले असते. याचा मला फसल्यापेक्षा जास्त राग आला.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा समोरच्या हवालदारसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘गाडी आली होती ना? गडावर गेलात ना?’ इथेच गोम आहे. पैसे घेऊन पळाला असता तर सरळ गुन्हा. यांनी थोडं-थोडं सगळंच दिलं होतं : गाडीचा विसार, जेवणाची नुसती ऑर्डर, गाइडचा नुसता फोन. प्रत्येक गोष्टीला ‘केलं होतं की’ म्हणायला जागा. तरी अर्ज घेतला, पावत्यांच्या प्रती घेतल्या. निधीच्या पैशांपाशी मात्र साहेबही थांबले, कारण गाडीचं काहीही असो, संवर्धनाच्या नावाने मागितलेले ३,६०० एका मोबाइलच्या दुकानात कसे गेले याला उत्तर नव्हतं. गडाची देखभाल पुरातत्त्व खातं आणि रायगड विकास प्राधिकरण करतं. टूरवाल्याच्या क्यूआर कोडवर त्याचा निधी गोळा होण्याचं कारणच काय, हे मला आता सुचतंय.

मी केलेल्या चुकांपैकी एक तुम्ही तरी करू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनला मी चौथ्या दिवशी फोन केला. यूपीआयने गेलेला पैसा आपल्याला ओढून परत घेता येत नाही. समोरच्या खात्यात तो असेपर्यंतच गोठवता आला तर येतो. तो फोन गडावरूनच, गंगासागरापाशी बसल्या बसल्या करायला हवा होता, रेंज होती. सेवेतल्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवली. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. हे कळल्यावर काकांना एकदम हुरूप आलाय, ते रोज एक नवा मसुदा आणतात.

१९१५ वर तक्रार गेल्यानंतर आठवड्याने माझ्या खात्यात ३,६०० रुपये जमा झाले. बरोबर निधीचेच, एक रुपया कमी-जास्त नाही. सोबत निरोप : ‘जय शिवराय ताई, गैरसमज झाला.’ दुकानाचं नाव या वेळी वेगळं होतं. मी उत्तर दिलं नाही, स्क्रीनशॉट काढून फाइलला लावला.

सोसायटीत कुणी मला बोललं नाही. जास्तीचे पैसे मी माझ्या खिशातून द्यायला निघाले तर वहिनी म्हणाल्या, ‘बसा हो, आम्हीपण जाहिरात वाचली होतीच ना.’ पण त्यांच्या सासूबाईंनी रायगड पाहिला नाही तो नाहीच, आणि हे मला लागून राहिलंय.

म्हणून फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरवलंय, आमचं आम्हीच. गाडी ठाण्यातल्याच ओळखीच्या ड्रायव्हरची, रोपवेचं तिकीट खिडकीवर रोख. वरच्या गाइडदादांना फोन केला, आगाऊ किती पाठवू विचारलं. ते म्हणाले, ‘काही पाठवू नका. आधी या, बघा, आवडलं तर उतरताना द्या. आणि त्या दोघी आजींना घेऊन या, त्या दिवशी गाडीत राहिल्या होत्या त्यांना.’