सह्याद्रीतली रेस्क्यू हेल्पलाइन: वापरलेल्या माणसाचा अभिप्राय

सेवा: महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, म्हणजे एमएमआरसीसी. नंबर ७६२०२३०२३१, चोवीस तास चालू. शुल्क शून्य. वापरायचा प्रसंग: जुलै महिना, कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीला चढणारी वाट आणि आमच्या नव्वद किलोच्या मेहुण्याचा घोट्यातून वाकडा झालेला पाय.

फोनवरच्या माणसाने आधी विचारलं, शुद्धीवर आहे का, रक्त वाहतंय का. मग किती जण आहात, मोबाईलची बॅटरी किती उरलीय. लोकेशन पाठवा म्हणाला आणि बजावलं, आता जागा सोडायची नाही. आमच्यातल्या दोन उत्साही मंडळींना 'शॉर्टकटने' खाली उतरून माणसं आणायची होती. त्यांना स्पीकरवर घेऊन त्याने असा काही दम भरला की दोघं मुकाट बसले. माझ्या लेखी या सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. दोर-स्ट्रेचर नंतर. पावसात, धुक्यात ते दोघं घळीत चुकले असते तर टीमला एका जखमीसोबत दोन हरवलेलेही शोधावे लागले असते.

सेंटर स्वतः डोंगरात येत नाही, जवळच्या गिर्यारोहक संस्थेला हलवतं. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र, खोपोलीत यशवंती हायकर्स, महाबळेश्वरात तिथले ट्रेकर्स, अशी ठिकठिकाणची माणसं. सगळे हौशी, पोटापाण्याचा धंदा वेगळा. आमच्याकडे आलेल्यांत एक मोबाईल दुरुस्तीवाला होता आणि एकाची सकाळी फर्स्ट शिफ्ट होती. टीम पोचायला तास लागतात, मिनिटं नाहीत, हे मनाशी पक्कं ठेवा. तेही चालतच येतात.

आल्यावर मात्र काम बघण्यासारखं. फोमची चटई गुंडाळून पाय घट्ट बांधला. वाडीतली पोरं कोयते घेऊन पुढे झाली, कारण स्ट्रेचर जायला पायवाटेपेक्षा जास्त रुंदी लागते. निसरड्या कातळावर वरच्या झाडाला दोर बांधून स्ट्रेचर इंचाइंचाने खाली सोडलं, सपाटीला खांदेकरी पाळीपाळीने बदलत गेले. अंधार पडल्यावर सगळं हेड टॉर्चवर.

एरवी ही माणसं मोठ्या बातमीतच दिसतात. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली, तेव्हा मृतदेह वर आणायला स्थानिक ट्रेकर दरीत उतरले होते. जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हाही रात्रीच्या पावसात ती चढण चढून जाणाऱ्यांत हेच होते. घोटा मुरगळलेल्यांची बातमी होत नाही.

उणं म्हणाल तर रेंज. ती नसेल तर ही सेवा नाही. म्हणून कुठल्या वाटेने चढणार, कुठून उतरणार हे घरी सांगून निघा. आम्ही गेलो त्या पायथ्याला भजी-मॅगीचे दर ठळक लिहिले होते, हा नंबर कुठे दिसला नाही. दुसरी गोष्ट, दमलो म्हणून किंवा अंधाराची भीती वाटली म्हणून यांना उठवू नका. गावातला वाटाड्या घ्या, त्याला पैसे द्या.

इथे आम्ही पैसे विचारले तर हसण्यावारी नेलं, चहा तेवढा घेतला.

माझ्याकडून पाच स्टार. मेहुणा चार म्हणतो. उतरताना त्याच्या वजनावर झालेली टिंगल त्याला अजून झोंबतेय.