जुनी कॅमरी दान केली: पाचपैकी तीन तारे

आमची २००६ची कॅमरी, दोन लाख मैल पळालेली, डिसेंबर २०२४मध्ये एका धर्मादाय संस्थेला दिली. टोइंग फुकट. पण ट्रक ठरल्या दिवशी आलाच नाही, उगवला थेट २८ तारखेला. ३१च्या आत गाडी गेली नसती तर त्या वर्षीची करातली वजावट बुडाली असती. न्यू जर्सीत नंबरप्लेट काढून एमव्हीसीला, म्हणजे इथल्या वाहन खात्याला, परत कराव्या लागतात, म्हणून हे थंडीत गंजक्या स्क्रूंशी झटत बसले. डॅशबोर्डवरचा गणपती मी आधीच काढला होता. डिंकाचा गोल डाग तेवढा गाडीबरोबर गेला.

फोनवरच्या बाई म्हणाल्या होत्या, "बाजारभावाइतकी वजावट मिळेल." कसलं काय! संस्थेने गाडी लिलावात काढली, आले ९०० डॉलर. संस्थेकडून करासाठी येणाऱ्या १०९८-सी फॉर्मवर तेवढाच आकडा, आणि वजावटही तेवढीच. तीसुद्धा आयटमाइज केलं, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवली, तर. नाहीतर जोडप्याचं २०२४चं २९,२०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, होतीच. आम्ही घराच्या व्याजामुळे आयटमाइज करतो, कराच्या २२ टक्क्यांच्या पट्टीत. वाचले १९८ डॉलर.

फॉर्म मात्र वेळेवर आला, हे कबूल.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक रोख ७०० देत होता, हे ह्यांनी आतापर्यंत तीनदा ऐकवलंय.