जुनी पिकअप बघायला एंडोस्कोप कॅमेरा: पावसाळा काढल्यानंतरचं मत

कंपनीच्या चॅटवरचा माणूस (की मशीन, देव जाणे) एकच पालुपद लावून बसला होता: "ॲक्सेसरीज वॉरंटीत येत नाहीत, सर." मी मागत काय होतो? नखाएवढा आरसा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर तिरका चढवायचा असतो तो. एका गाडीच्या चॅसिसमध्ये (म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात) निसटून पडला आणि बहुतेक अजून तिथंच खुळखुळतोय. सुटा मिळत नाही, नवीन किट घ्या म्हणे. दोन रुपयांच्या काचेसाठी अकराशेचं किट! त्या रात्री एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. आता राग जरा निवलाय, म्हणून नीट लिहितो.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. हाच माल दहा नावांनी विकला जातो. मोबाइलला जोडायची वायर, टोकाला ८ मिमीचं डोकं, भोवती बारके एलईडी, हे सगळ्यांनी पाहिलंय. मी घेतला तो जुन्या पिकअप तपासायला. टाटाची २०६, २०७, महिंद्राच्या जीपच्या तोंडाच्या पिकअप अशा पडून असलेल्या गाड्या घेऊन त्या उभ्या करायचा मला नाद आहे. मी कोल्हापूरचा, त्यामुळे इंजिन जाम असलं तरी झोप उडत नाही. इथल्या उद्यमनगरच्या कारखान्यांत इंजिनाचं बोअर, क्रँक, हेड काय हवं ते करून मिळतं. झोप उडवतो तो पत्रा आणि त्याहून जास्त चॅसिस.

आणि नेमक्या स्वस्त गाड्या मिळतात कोकणात. त्याला कारण आहे. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, ते खारट पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसिसवर गळतं. वर्षानुवर्षं, रोज. बाहेरून लोक जळकं ऑइल मारतात, त्यानं बाहेरची बाजू टिकतेही. पण चॅसिस जिथं पेटीसारखी बंद आहे तिथं पाणी आत शिरतं, खालची भोकं चिखलानं बुजतात आणि मीठ ओल धरून ठेवतं. उन्हाळ्यातसुद्धा आतली बाजू धड सुकत नाही. वरून काळी कुळकुळीत दिसणारी चॅसिस आतून पापडी होऊन सुटत असते. ते बघायला डोळा आत घालायला हवा. कॅमेरा घेतला तो एवढ्यासाठी.

घेतल्या घेतल्या मात्र वाटलं, पैसे पाण्यात गेले. आत घातला की सगळं लालच लाल. कोकणातली जांभ्याची धूळ आणि गंज स्क्रीनवर एकसारखे दिसतात, त्यात एलईडी फुल ठेवला की साधा वरवरचा गंजही भयानक वाटतो. त्यावर तोडगा सापडला तो सायकलच्या पंपात. नळी त्याच भोकातून आत घालून चार फुंका मारायच्या. माती उडते, गंज जागचा हलत नाही. मग उजेड अगदी मंद करायचा. मंद उजेडात सुटलेल्या थरांची सावली पडते आणि खोली कळते. वायरीवरचं उजेडाचं ते चाक मी आधी कधी हातसुद्धा न लावता सोडलं असतं. आता कॅमेऱ्यापेक्षा त्याचीच किंमत जास्त वाटते.

मत खरं पालटलं ते रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या मासळी बंदराजवळ. टाटामोबाइल २०६ होती. १९८८ साली टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) हे मॉडेल आणलं, पुढे १९९१ ची सिएरा आणि तिच्या मागून आलेली इस्टेट या मोटारी याच पायावर उभ्या राहिल्या, म्हणून आता हौशी लोक ती शोधत फिरतात आणि मालकांनाही ते कळलंय. "भाऊ, व्हिंटेज गाडी आहे, भाव होणार नाही," मालक म्हणाले. (सरकारच्या २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी, आणि नव्या नोंदणीची फीच २०,००० रुपये. २०६ ला त्यासाठी अजून बरीच वर्षं थांबावं लागेल. पण हे तिथं कोण बोलणार?)

केबिनचा रंग ताजा होता. दाराखालच्या पट्टीवर चुंबक फिरवला तर वीतभर जागेत तो धरेचना, म्हणजे पुट्टी. पुट्टी सगळेच भरतात, प्रश्न असतो मागं पत्रा आहे की नाही. त्याच पट्टीचं, म्हणजे उंबऱ्याचं, रबरी बूच काढून कॅमेरा आत सरकवला. आधी माती, मग एक करडा गोळा, आणि त्या गोळ्यावर चक्क अक्षरं. वर्तमानपत्राचा बोळा कोंबून त्यावर पुट्टी थापली होती. "सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष" एवढं स्पष्ट वाचता आलं. मी मोबाइल मालकांपुढे धरला. त्यांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, "डेंटरनं मलाच फसवलं की हो." खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक, पण भाव तिथल्या तिथं उतरला. किटचे पैसे त्या एका बोळ्यानं कैक पटींनी वसूल केले.

तरीही परत आरशावर येतोच. हा कॅमेरा फक्त समोर बघतो आणि गंज असतो बाजूला: खालच्या पट्टीवर, पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरच्या मागं, दोन पत्रे एकावर एक वेल्ड केलेत त्या सांध्यात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सांधा फुगून उघडतो, आणि तो फुगवटा समोरून कधीच दिसत नाही. म्हणजे आरसा हा शोभेचा तुकडा नाही, या कामाचा अर्धा जीव त्यात आहे. आणि तो बसवलाय प्लास्टिकच्या अशा चिमटीत, की कडेला घासला की गेला! हे डिझाइन करणाऱ्यानं गाडीखाली एकदा तरी आडवं व्हायला हवं होतं. शेवटी घागऱ्याच्या आरसेकामाचा आरसा घेतला, एम-सीलनं पातळ नळीच्या तिरक्या कापलेल्या तुकड्यावर चिकटवला आणि वर दोरा बांधला. प्रतिमा उलटी दिसते, एलईडीची चकाकी येते, पण निसटला तर दोऱ्यानं ओढून काढता येतो. कंपनीला एवढा दोरासुद्धा सुचला नाही.

पत्र्याची जाडी मात्र कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी मी शेजारून सायकलचा स्पोक घालतो आणि स्क्रीनवर बघत संशयाच्या जागी टोचतो. खरवडून चकाकी आली तर लोखंड शिल्लक आहे. पापडी निघून स्पोक आरपार गेला तर तिथं कापून प्लेट मारावी लागणार, आणि ती जागा हँगरजवळ असेल तर मी गाडी सोडतो. हातोडी अजूनही पहिली. टण वाजलं तर पुढं बघायचं, बद्द वाजलं तर कॅमेरा. चॅसिस नंबरावर मात्र कॅमेरा वाया घालवू नका. कागद ठेवून पेन्सिल घासा. नंबराचे आकडे गंजानं खाल्ले असतील तर आरटीओच्या फेऱ्यांपुढे चॅसिसचं वेल्डिंग परवडलं.

बाकी फार सांगण्यासारखं नाही. वॉटरप्रूफ आहे ते डोकं आणि वायर, मोबाइलकडची पिन नव्हे. माझी पिन पावसात हिरवी पडली, खोडरबरानं घासून चालू केलीय. फोटो सुमार, पण भाव करायला पुरतात. ५ मीटरची वायर घेऊ नका, आत वळते आणि डोकं भलतीकडंच जातं. २ मीटर पुष्कळ, आणि वायर वाकवली तशी राहणारी कडक हवी. आता बाजूला दुसरी लेन्स असलेले दोन कॅमेऱ्यांचे मिळतात, त्यांना आरसाच लागत नाही. मी ते पाहिलेत, भाव बघून परत ठेवलेत. दिवाळीच्या सेलमध्ये उतरले तर घेईन. तोवर याला साडेतीन स्टार.